रुक्मामावशीचा अंदाज

रुक्मामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी यवतमाळच्या घरी गच्चीवर तुरी वाळत घालत होते. फोन तिच्या मुलाचा, गजाननचा. "सिस्टर, आई गेली," एवढंच तो म्हणाला. मीही "कधी?" एवढंच विचारलं. नोकरीची सगळी वर्षं मी घरोघरी बाळंतपणाच्या आणि मरणाच्या बातम्या पोचवल्या, त्यामुळे अशा वेळी काय बोलावं हे आपल्याला नीट कळतं असा माझा समज होता. फोन ठेवल्यावर तो समज गेला. तुरी तशाच पडून राहिल्या आणि दुपारपर्यंत कबुतरांनी त्यांचा समाचार घेतला. या गोष्टीला आता काही आठवडे झालेत. मन जरा निवलंय, म्हणून लिहायला बसले आहे.

बाभुळगाव तालुक्यात वर्धा नदीच्या काठी एक लहानसं गाव आहे. तिथल्या घाटावर रुक्मामावशी डोंगा चालवायची. मी त्या गावच्या उपकेंद्रात सरकारी नर्स होते आणि नवऱ्याची नोकरी नदीपल्याड. बिऱ्हाड पल्याड आणि काम अल्याड, असा माझा संसार वर्षानुवर्षं नदीनं मधोमध कापलेला होता. सकाळी डोंग्यानं यायचं, संध्याकाळी डोंग्यानं जायचं. त्यात मी मूळची नेरची. आमच्याकडे पाणी पाहायचं ते विहिरीत वाकून. पहिल्या दिवशी डोंग्यात पाय ठेवला आणि तो हलला, तेव्हा मी मावशीच्या नवऱ्याचा सदराच घट्ट धरला. काठावर जाळं शिवत बसलेली मावशी तोंडाला पदर लावून हसत होती. "सिस्टर, सदरा फाटला तर मले शिवावा लागन," ती ओरडली. आमची ओळख ही अशी झाली.

तेव्हा डोंगा तिचा नवरा दौलतमामा चालवायचा. नुसता म्हणायला डोंगा. होती ती सागाच्या फळ्यांची, डांबर लावलेली चांगली रुंद नाव. त्यात बसायचा एकच नियम होता आणि तो मला फार आवडला. कोण कुठं बसणार हे नावाडी ठरवणार, आणि ठरवणार ते वजन पाहून. माणूस उतारावरून खाली येत असतानाच दौलतमामा त्याच्याकडे एकदा पाहायचा आणि हात दाखवायचा, तू इकडं, तू तिकडं. गावचे पाटील अंगानं भरलेले, म्हणून ते मधोमध. मी तेव्हा काडी होते, म्हणून टोकाला. एखाद्या दिवशी पाटलांच्या शेजारी आमच्या समाजाच्या वस्तीतली जाडजूड अनसूयाबाई यायची आणि दोघं मांडीला मांडी लावून नदी पार करायचे. माझी आजी सांगायची, तिच्या तरुणपणी बैलगाडीतसुद्धा आम्हाला कुणी बसू देत नव्हतं. पुढं छप्पननंतर आमची घरं बौद्ध झाली, माणसं ताठ झाली, पण गावातल्या ओट्यांवरच्या जागा काही पटकन हलल्या नाहीत. या डोंग्यात मात्र त्या कधीपासूनच हललेल्या होत्या. मी एकदा हे कौतुकानं बोलून दाखवलं तर मावशी म्हणाली, "कौतुक कायचं त्यात? जात पाहून बसवलं तर डोंगा बुडन ना बाप्पा."

मावशीच्या भावकीची ही भोयांची घरं त्या घाटावर किती पिढ्यांपासून आहेत ते त्यांनाही माहीत नव्हतं. दौलतमामा रंगात आला की जुनं सांगायचा. रस्ते नव्हते तेव्हा नदी हाच रस्ता होता. पल्याड रेल्वे आली आणि अल्याडचा सगळा कापूस नावांवरून तिकडं जायला लागला. हंगामात घाटावर नावांची रांग लागायची, पलीकडे बैलगाड्यांची, आणि भोयांच्या बायका काठावर भाकरी थापून विकायच्या. बाकीच्या दिवसांत मासोळी. पाण्याला गढूळ रंग आला की कोणतं जाळं, नितळ असलं की कोणतं, मरळ कुठं दबा धरून बसते, वाम हातातून का निसटते... उन्हाळ्यात नदी आटली की तिच्याच वाळूत डांगरवाडी, म्हणजे टरबूज-खरबुजांचे वेल, तळ्यात शिंगाडे. नदीनं बाराही महिने त्यांना काही ना काही काम दिलं होतं. त्यात बायकांनी जाळी विणायची, मासे विकायचे, वाळूत वेल लावायचे. डोंग्याच्या बांबूला मात्र हात लावायचा नाही. का, ते कुणी सांगत नसे. बाई डोंग्यात बसते, डोंगा चालवत नाही, एवढंच.

आणि नेमके दौलतमामाचे हात थरथरायला लागले. आधी विडी पेटवताना, मग घास घेताना, मग बांबू धरताना. मी त्याला यवतमाळला मोठ्या दवाखान्यात नेलं, गोळ्या सुरू झाल्या, पण कंपवात तो कंपवातच. गजानन तेव्हा लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाला होता आणि परत यायला तयार नव्हता. एका सकाळी मी पल्याडच्या घाटावर पोचले तर मावशी नऊवारीचा काष्टा घट्ट मारून बांबू हातात घेऊन उभी, आणि दौलतमामा डोंग्याच्या नाकावर पाहुण्यासारखा बसलेला. काठावर पाच-सात माणसं होती, पण डोंग्यात कुणी चढेना. मला उशीर झाला होता आणि उशीर झाला की माझं डोकं ठिकाणावर नसतं. मी सरळ जाऊन बसले. "चला वो मावशी, सिस्टरले काय पोहून जायचं हाय का?" असं मीच तिच्या भाषेत म्हटलं. मग शाळेत जाणाऱ्या पोरी चढल्या, मग बांगड्यावाली. पुरुष त्या दिवशी काठावरच राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनाही कामं होतीच. माणसांची ने-आण अशी हळूहळू सुरू झाली, पण कुणी आपला कापूस तिच्या हवाली करेना. आणि घाट चालायचा तो कापसावर.

ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. पाऊस फसवत होता, बियाणं फसवत होतं आणि भावाचं तर विचारूच नका. आमच्या बाजूच्या खरेदी केंद्रावर गाड्या दिवस-दिवस उभ्या राहायच्या, म्हणून लोक पल्याडच्या व्यापाऱ्याकडे माल न्यायचे. बाहेरून मोटारी भरून माणसं यायची, घराघरात जाऊन तेच ते प्रश्न विचारायची आणि जायची. माझ्या उपकेंद्रात पोटदुखी नसलेल्या बायका पोटदुखीची गोळी मागायला येऊन नुसत्या बसून राहायच्या. मी बसू द्यायची. अशात घाटाबद्दल कुजबुज सुरू झाली. बाईच्या हातून काही हंगाम निभत नाही, खालच्या गावच्या भोयाला घाट देऊ, असं लोक बोलायला लागले. मावशीच्या कानावर ते येतच होतं. "घाट गेला तर मी काय करू, सिस्टर?" ती एकदा म्हणाली. "याहीचे हात गेले. घाट गेला तर याहीले बसायले डोंगाबी राह्यनार नाही."

शेवटी वामनराव तयार झाले. वामनराव म्हणजे गावातला मधल्या ऐपतीचा, गोड बोलणारा शेतकरी. त्यांचा कापूस हा मावशीच्या डोंग्यातला पहिला कापूस. तो दिवस मला लख्ख आठवतो, कारण दुपारी घरी एक फेरी मारून परत यायचं म्हणून मी त्याच डोंग्यात होते. काठावर निम्मं गाव जमलं होतं, मदतीला कुणी नाही, सगळे पाहायला. गाठोडी एकावर एक चढत होती. मावशी पाण्याकडे पाहत होती. चार गाठोडी बाकी असतानाच तिनं हात वर केला.

"वामनभाऊ, डोंगा बसून राह्यला. वरचे दोन उतरवा. दुसऱ्या खेपेले नेतो."

"अवो वहिनी, कापूस हाय. लोखंड नाही. भरा बिनधास्त."

"मले डोंगा जड लागून राह्यला."

"आजवर इतकाच नेला दौलतनं. तुमी भेता त सांगा तसं." काठावर हशा पिकला. मावशीनं नाकावर बसलेल्या दौलतमामाकडे पाहिलं, पण तो खिशातली विडी चाचपत होता. तिनं हात खाली केला.

मधल्या डोहावर आलो आणि बाजूनं वारा सुटला. उंच रचलेली गाठोडी एकदम कलली आणि डावीकडून पाणी भसकन आत आलं. मी डोळे मिटले नाहीत, ते का कोण जाणे. मावशीनं बांबू दौलतमामाच्या थरथरत्या हातात दिला, पुढं झाली, आणि सगळ्यात वरचं गाठोडं दोन्ही हातांनी कवटाळून नदीत लोटलं. मग दुसरं. वामनराव "अवो अवो" करत उठायला लागले तसं मी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं. डोंगा डगमगला आणि सावरला. मावशीनं बांबू परत घेतला, तेव्हा मी पाहिलं. तिचं पोलकं छातीपासून कोपरापर्यंत भिजलेलं होतं. नदीचं पाणी तर तळाला आलं होतं, आणि ते गाठोडं होतं सगळ्यात वर. मी वामनरावांकडे पाहिलं. ते पल्याडच्या काठाकडे पाहत होते. कापसाला पाणी मारून वजन वाढवायची युक्ती आमच्याकडे काही कुणाला नवीन नाही. व्यापारी काट्यात मारतो, शेतकरी पाण्यात मारतो. पण ते पाणी आपल्याला नदीवरून न्यायचंय, एवढं मात्र त्या भल्या माणसाच्या डोक्यात आलं नव्हतं.

परत आलो तर काठावर प्रश्नांची सरबत्ती. काय झालं, कसं झालं, गाठोडी काहून फेकली? मी तोंड उघडलंच होतं. मावशीनं माझ्या पायावर पाय दिला आणि म्हणाली, "माहा अंदाज चुकला." बस. वामनरावांनी मान खाली घातली आणि ते घरी गेले. आणि त्या दिवसापासून गावाला चिडवायला एक नवा वाक्प्रचार मिळाला. पाऊस हुकला, रुक्माचा अंदाज. जावयाला गाडी चुकली, रुक्माचा अंदाज. मावशीसमोरही म्हणायचे, आणि ती त्यांच्यासोबत हसायची.

मला हसू येत नव्हतं. त्याच संध्याकाळी मी तिच्या घरी जाऊन भांडले.

"मावशी, वरचं गाठोडं ओलं होतं."

"होतं. पिळलं असतं त घागर भरली असती."

"मग सांगत काहून नाही? घाट जाईल तुमचा!"

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "सिस्टर, डोंग्यातलं काठावर नाही नेत. माह्या सासूनं मले हेच सांगतलं होतं. डोंग्यात पोरगी रडते, नवरा-बायको भांडतात, कोणी पळून जाऊन राह्यलं असते... आपण कान नदीकडं ठेवायचे. आज मी वामनभाऊचं काठावर नेलं, त उद्या कोण बसन माह्या डोंग्यात?"

"आता तरी कोण बसतंय?" मी रागानं म्हटलं.

तिनं मला तळलेले झिंगे वाढले आणि मी रागारागातच ते सगळे खाल्ले. पण मलाही शपथ घातल्यासारखं झालं, कारण मी जे पाहिलं तेही डोंग्यातच पाहिलं होतं. पुढं बरेच दिवस कापूस गाड्यांवरून लांबच्या पुलाला वळसा घालून गेला. खालच्या गावचा भोई एकदा येऊन घाट पाहूनसुद्धा गेला. मावशी त्याला चहा पाजून परत पाठवते आणि मग भांडी घासताना उगाच मोठ्या आवाजात गाणं म्हणते, हे मी पाहत होते.

मग एका सकाळी वामनराव आले. गाडी भरून कापूस, सोबत बायको, आणि बायकोच्या कडेवर नातू. आल्या आल्या म्हणाले, "वहिनी, जिथं ठेवा म्हणाल तिथं ठेवतो, जिथं बसा म्हणाल तिथं बसतो." गाव पाहतच राहिलं. मावशीनं गाठोड्यांवर एकेक थाप मारली, फक्त सवयीनं मारावी तशी. सगळी कोरडी ठणठणीत. डोंगा गेला, आला, परत गेला. ज्याची गाठोडी नदीत गेली तोच घरच्या माणसांना घेऊन बसतो म्हटल्यावर बाकीच्यांना बोलायला जागा उरली नाही. त्या हंगामाचा उरलेला कापूस मावशीच्या डोंग्यातून गेला, पुढच्या हंगामाचाही, आणि पूल होईपर्यंत घाट तिच्याकडेच राहिला.

पूल झाला आणि डोंगा मासेमारीला उरला. दौलतमामा त्याआधीच गेला होता. गजानन लोहारा सोडून परत आला आणि मावशीनं त्याला त्या वयात जाळं टाकायला शिकवलं. ती स्वतः बाभुळगावच्या बाजारात मासे घेऊन बसायची. मी निवृत्त होऊन यवतमाळला आले तरी मधूनमधून तिच्याकडून रोहू आणायला म्हणून जायचे. रोहू तर यवतमाळातही मिळतो. ती टोपलीतला मासा उचलायची, हातात नुसता तोलायची आणि आकडा सांगायची. काट्यावर तेवढाच भरायचा. तरीही शेजारचा भाजीवाला ओरडायचा, "नीट तोलून घ्या मॅडम, रुक्माचा अंदाज हाय!" इतक्या वर्षांनीसुद्धा! मी चिडायचे. ती मला डोळ्यानं दटावायची. शेवटची भेट झाली तेव्हा ती खाटेवर होती, बोलणं कमी झालं होतं. मी म्हटलं, मावशी, आता तरी सांगू का लोकांना? ती हसली. "कोणता काठ, कोणता डोंगा, सिस्टर... राहू द्या."

दहाव्याला मी नदीवर गेले. पुलाखालीच तो जुना घाट आहे. बरीच माणसं जमली होती. पिंडाला कावळा शिवला, बायका उठल्या, पंगतीची तयारी सुरू झाली. तेवढ्यात वामनराव काठी टेकत माझ्याजवळ आले. खूप थकलेत आता. इकडचं तिकडचं विचारलं आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "सिस्टर, एक इचारू? थ्या दिवशी डोंगा कलला... रुक्मावहिनीले माहीत होतं का?"

"काय?"

"मी काय म्हणून राह्यलो थे तुमाले समजते."

मला समजलं होतं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि माझ्या लक्षात आलं की आम्ही काठावर उभे आहोत. गजाननचा डोंगा खुंटीला बांधलेला होता. मी वामनरावांचा हात धरला. "चला, डोंग्यात बसू."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्याच घाटावर वाढलेला माणूस, त्यांना जास्त सांगावं लागलं नाही. आम्ही दोघं म्हातारे एकमेकांना सावरत चढलो, बसलो, आणि मी सांगितलं. वरच्या गाठोड्याचं पाणी तिच्या अंगाला लागलं होतं. तिला त्याच क्षणी कळलं होतं. त्याच संध्याकाळी तिनं मला तसं म्हटलं होतं.

"मंग बोलली काहून नाही?"

"तुम्ही तिच्या डोंग्यात बसले होते म्हणून."

वामनरावांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. "मले वाटे, तिले ठाऊकच नाही," ते म्हणाले. "कोरडा कापूस घेऊन गेलतो, वाटलं, झालं, फिटलं. लोकं तिले चिडवत राह्यले अन मीबी हासत राह्यलो, सिस्टर... मीबी." त्यांनी ओंजळभर पाणी घेऊन तोंडावर मारलं आणि उतरले. मला वाटलं, आता घरी जातील. पण ते सरळ पंगतीकडे गेले. लोक पत्रावळींसमोर बसत होते. वामनरावांनी काठी दोनदा जमिनीवर आपटली.

"मंडळी, बसाच्या आंधी ऐका. थ्या दिवशी मी कापसाले पाणी मारलतं. वहिनी म्हणे डोंगा जड हाय, मी तिले भित्री म्हणलं, अन तुमी हासले. रुक्माचा अंदाज बराबर होता. तवाबी बराबर होता."

बाजारातला तो भाजीवालाही होता, तो खाली पाहत पत्रावळीची काडी मोडत बसला. मग वाढपी म्हणून उभा असलेला गजानन पुढं आला, हातातली बादली त्यानं खाली ठेवली, वामनरावांचा दंड धरून त्यांना पंगतीत बसवलं आणि म्हणाला, "काका, जेवून घ्या."

ती गोष्ट ज्याची होती त्यानंच काठावर आणली, म्हणून मला हे लिहिता आलं. त्यांना विचारूनच लिहिलं आहे. फोन आला त्या दिवशी मी रडले नव्हते, संध्याकाळी गावी जाऊन मावशीचा चेहरा पाहिला तेव्हाही नाही. वामनराव मान खाली घालून पहिला घास घेत होते तेव्हा मात्र मला आवरलं नाही, आणि मी पुलाच्या खांबामागं जाऊन पोटभर रडून घेतलं.